मोबाईलमधले पुस्तक हातात कसे उतरेल?

(मेहरूण, जळगाव येथे वसतिगृहातील विद्यार्थी, पालक आणि कार्यकर्ते यांच्या मेळाव्यात केलेले भाषण. जागेअभावी थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



यावल, रावेर, चोपड्याहून आणि तिकडे शिरपूर, साक्रीहूनही आपण आला आहात. केळीच्या बागेतली एक दिवसाची मजुरी बुडवून काही पालक इथे बसले आहेत, याची मला जाणीव आहे. म्हणून मी कामाचेच बोलणार आहे.

आधी दोन प्रश्न विचारतो. ज्यांच्या घरात स्मार्टफोन आहे त्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळेच! आता ज्यांच्या फोनमध्ये एक तरी पुस्तक आहे त्यांनीच हात वर ठेवा. पाच... सहा. ठीक आहे, खाली घ्या. यात तुम्ही लाजायचे कारण नाही. लाज वाटायचीच तर ती आधी मला वाटायला हवी. का, ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या देणगीतून आम्ही चाळीस मेमरी कार्डे घेतली. प्रत्येक कार्डात तीनशेच्या वर मोफत ई-पुस्तके भरली. वायरिंग, शिवणकाम, शेळीपालन, इंग्रजी संभाषण, व्यक्तिमत्त्व विकास, गणित, गोष्टी, जे मिळाले ते सगळे. वाटपाचा छोटा कार्यक्रम केला, फोटो काढले, अहवालात लिहिले. सहा महिन्यांनी मी पाड्यांवर फिरलो तेव्हा बहुतेक कार्डांत गाणी आणि सिनेमे होते. जागा हवी म्हणून पुस्तके पुसून टाकली होती. मुले बिचारी ओशाळली. एका मुलीने मात्र खरे सांगितले, "दादा, कुठून सुरू करू तेच कळलं नाही."

तिचे उत्तर माझ्या डोक्यातून गेले नाही. आम्ही तिला तीनशे पुस्तके दिली, पण पहिले पान उघडून तिच्याशेजारी कोणी बसले नाही. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून वाचत जाणारा एक मोठा अधिकारी आपल्याला भेटतो. ग्रंथ त्याच्या हातात होता, त्याला वाचताही येत होते. अडले होते ते समजण्यापाशी. मग फिलिप्प धावत आला आणि त्याच्या शेजारी रथात बसला. आम्ही पुस्तके पाठवली आणि फिलिप्पाला घरीच ठेवले. आज मला जे सांगायचे आहे, ते या चुकीतून शिकलेले आहे.

आता दुसरी गोष्ट. आपल्या वसतिगृहात राहून दहावी झालेला एक मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला गेला. घर सातपुड्याच्या पायथ्याशी, घरात बोली पावरी, आई बागेत कामाला. हात इतका चांगला की प्रॅक्टिकलला बाकीची मुले त्याच्याकडे बघून जोडणी करत. पण थिअरीत नापास झाला. ही परीक्षा संगणकावर होते आणि त्याने त्याआधी माउस हातात धरला नव्हता. कोणीतरी त्याला सांगितले की एका ठिकाणी पास होण्याचे 'स्पेशल मटेरियल' पेन ड्राइव्हवर मिळते, सातशे रुपयांना. आईने तीन दिवसांची मजुरी दिली. तो पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आला. मी उघडून पाहिले. सरकारचीच पुस्तके होती, जी कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. फक्त पहिले पान काढून टाकले होते.

मला त्या विकणाऱ्याचा राग आला. पण त्याहून जास्त वाईट वाटले ते आमचे. मी या कामात इतकी वर्षे आहे, पण ही पुस्तके फुकट आहेत हे त्या मुलाला सांगणारे कोणी नव्हते. एका आईचे तीन दिवस आमच्या न सांगण्यामुळे गेले. म्हणून आज पालकांसमोर सांगतो, नीट ऐका.

चेन्नईला निमी नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. १९८६ पासून ती आयटीआयची पुस्तके तयार करते. ट्रेड थिअरी, ट्रेड प्रॅक्टिकल, प्रश्नसंच, सगळे. 'भारत स्किल्स' या सरकारी संकेतस्थळावर ही ई-पुस्तके मोफत आहेत. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर अशा अनेक ट्रेडची पुस्तके मराठीत किंवा हिंदीतही मिळतात. त्यांच्याच सराव परीक्षा मोबाईलवर मोफत देता येतात. आमच्या त्या मुलाने पुढचे तीन महिने रोज रात्री जेवणानंतर एक सराव परीक्षा दिली. चुकलेला प्रश्न वहीत लिहायचा आणि पुस्तकात त्याचे पान शोधायचे, एवढाच नियम. दुसऱ्या खेपेला तो पास झाला. आज तो मोटार वाइंडिंगच्या कामावर आहे.

तो मला म्हणाला, "दादा, पंपाच्या मोटारीच्या पट्टीवर २८८० लिहिलेलं मी लहानपणापासून बघतोय. शेतात मोटार होती तिच्यावर पण होतं. ते का असतं ते आता कळलं." मलाही माहीत नव्हते. त्याने मला शिकवले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पंपाच्या मोटारीला बहुधा दोन पोल असतात. १२० गुणिले ५०, भागिले २, म्हणजे ३००० फेरे. चुंबकीय क्षेत्र मिनिटाला इतके फिरते. मोटारीचा फिरणारा भाग त्याच्या मागे थोडा रेंगाळतो, म्हणून पट्टीवर २८८० च्या आसपास आकडा येतो. त्या फरकाला स्लिप म्हणतात. दुकानात वर्षानुवर्षे हेल्पर राहणारा माणूस आणि कारागीर यांच्यात हा फरक असतो. हेल्पर जुन्या कॉइलचे वेढे मोजून तसेच नवे घालतो. ज्याला हिशेब कळतो, तो जुनी कॉइल जळून राख झाली असली तरी मोटार उभी करू शकतो. पगारातला फरकही तिथूनच सुरू होतो.

आपली कितीतरी मुले जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या, पाइपाच्या, डाळीच्या कारखान्यांत जातात. हेल्पर म्हणून जातात आणि हेल्पर म्हणूनच थकतात. त्यांच्या हातांत काही कमी नाही. कमी पडते ते पट्टीवरचे वाचणे, नकाशा वाचणे, मापे वाचणे. ही मोफत पुस्तके तिथे उपयोगी पडतात.

फक्त आयटीआयचीच पुस्तके आहेत असे समजू नका. थोडक्यात सांगतो, कार्यकर्त्यांनी लिहून घ्यावे.

शाळेतल्या मुलांसाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर मोफत आहेत. पुस्तक हरवले, पावसात भिजले, तर वर्ष वाया जाऊ देऊ नका. दहावी सोडलेल्याला आठवी-नववीचे गणित पुन्हा उजळायचे असेल, तरी तिथेच जावे. वेल्डर, वायरमन यांसारख्या काही ट्रेडना आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो. त्याला अपूर्णांक आणि टक्केवारी पक्की लागते.

संगणक शिकायचा असेल तर मुंबई आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम आहे. छोटे छोटे पाठ, मराठी आवाजात, आणि पाठाचा मजकूर लिहिलेलाही मिळतो. पाठ ऐकायचा, थांबवायचा, तसेच करून बघायचे.

विज्ञान हाताने शिकायचे असेल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तके आहेत, मराठीतही भरपूर. या माणसाची गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. कानपूर आयआयटीचे इंजिनिअर, टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये एक वर्षाची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले. म्हणजे आपल्याच सातपुड्याच्या पलीकडे. तिथल्या आठवडे बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीच्या काड्या घेऊन त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन असे आकार बनवले. आपल्या मुलांना खेळणी विकत घेता येत नाहीत, पण काडी आणि नळीचा तुकडा प्रत्येक पाड्यावर आहे.

आरोग्याचे सांगतो. डेव्हिड वर्नर नावाच्या शिक्षकाने मेक्सिकोच्या डोंगरात, जिथे डॉक्टर पोहोचत नव्हता, तिथल्या गावकऱ्यांसाठी स्पॅनिशमध्ये एक पुस्तक लिहिले, १९७३ मध्ये. पुढे ते जगभर 'जिथे डॉक्टर नाही' या नावाने गाजले. आजही ते मोफत उतरवता येते. आपल्याकडे डॉ. श्याम अष्टेकर यांनी मराठीत 'भारतवैद्यक' लिहिले. मुलींनो, यातले एकच पान पाठ करा. बाळाला जुलाब लागले आणि ओआरएसचे पाकीट घरात नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा लहान सपाट चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजत राहायचे आणि दवाखान्याची वाट धरायची. मीठ जास्त होऊ द्यायचे नाही. डोंगरातल्या पाड्यावर पावसाळ्यात या एका पानाने बाळ वाचू शकते.

आता एक प्रामाणिकपणाची गोष्ट. मोफत मिळते ते सगळे मोफतच असते असे नाही. खरोखर मोफत पुस्तके तीन प्रकारची. पहिली, सरकारने किंवा संस्थेने लोकांसाठी खुली ठेवलेली. ती घ्या, वाचा, मित्राला द्या, पण विकू नका. दुसरी, लेखकाने स्वतः परवानगी दिलेली. ठाण्याचे ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके मोफत देते. तिसरी, ज्यांचा हक्क संपला आहे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे लेखन आता सर्वांना खुले आहे. याशिवाय चौथा प्रकार असतो, तो म्हणजे चोरलेला. आजच्या जिवंत लेखकाचे विकत मिळणारे पुस्तक कोणी गुपचूप फिरवत असेल, तर ते आपल्या फोनमध्ये ठेवू नका. कौशल्य शिकायचे आणि सुरुवातच चोरीने करायची, हे आपल्याला शोभत नाही. आणि उलट, फुकटच्या पुस्तकाचे कोणी पैसे मागत असेल, तर देण्याआधी आमच्यापैकी कोणाला तरी एक फोन करा.

आता कळीचा भाग. पुस्तक मिळाले, पुढे काय?

मेमरी कार्डांची ती फजिती झाल्यावर आम्ही पद्धत बदलली. तीनशेऐवजी एका गटाला एकच पुस्तक. आठवड्यातून दोन संध्याकाळी पाच-सहा जण एकत्र बसतात. एक जण मोठ्याने वाचतो, एका वेळी दोनच पाने. मग जे वाचले ते हाताने करायचे. करता येण्यासारखे नसेल तर आपल्या बोलीत एकमेकांना समजावून सांगायचे. पान पुढे उलटायचे ते सर्वांना समजल्यावरच.

एक उदाहरण घ्या. तीन पिनच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब का असते? आज घरी गेल्यावर बघा. ती अर्थिंगची पिन. लांब अशासाठी की प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. जाड अशासाठी की ती चुकून दुसऱ्या भोकात जाऊ नये. हे दोन ओळींचे ज्ञान. पण आमच्या गटाने ते वाचल्यावर वसतिगृहातले सगळे प्लग तपासले. दोन ठिकाणी अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. त्यात एक पाण्याच्या मोटारीची होती, जिथे मुले ओल्या पायांनी जातात. त्या दिवशी मी देवाचे आभार मानले. मुलांनाही त्या दोन पानांची किंमत कळली.

काही अडचणी येतील, त्याही सांगतो. पाड्यावर नेटवर्क नसते. म्हणून बाजाराच्या दिवशी खाली आल्यावर पुस्तक एकदाच उतरवून घ्यायचे. मग एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ब्लूटूथने द्यायचे, त्याला इंटरनेट लागत नाही. पीडीएफची अक्षरे लहान दिसतात, तेव्हा फोन आडवा धरायचा. आकृती असलेली आणि रोज लागणारी पाने झेरॉक्स करून भिंतीला लावायची. सगळे पुस्तक छापायची गरज नसते. ज्यांना वाचायला जड जाते त्यांच्यासाठी फोन मराठी मजकूर मोठ्याने वाचूनही दाखवतो, मात्र पाने फोटो काढून भरलेली असतील तर ते त्याला नीट जमेलच असे नाही. तिथे मोठ्याने वाचणारा सोबती लागतोच.

सर्वांत मोठी अडचण भाषेची. पुस्तकातली मराठी ही आपल्या पावरा, भिल्ल मुलांची तिसरी भाषाही असू शकते. घरी एक बोली, बाजारात अहिराणी, आणि पुस्तकात 'विद्युत प्रवाहकत्व'! मुलगा घाबरणारच. पंडिता रमाबाईंना ही अडचण कळली होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी साध्या स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. आणि ते छापले कोणी? तिथल्याच स्त्रियांनी आणि मुलींनी. दुष्काळातून, विधवापणातून आलेल्या या मुली खिळे जुळवायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. त्या काळचे तांत्रिक कौशल्यच होते ते. शंभर वर्षांपूर्वी हे होऊ शकले, तर आपल्या मुली आज वाइंडिंग, वेल्डिंग, संगणक का शिकणार नाहीत? पालकांनो, हा प्रश्न मी मुद्दाम तुमच्याकडे बघून विचारतो आहे. घरात एकच फोन असेल तर तो संध्याकाळी कोणाच्या हातात असतो, मुलाच्या की मुलीच्या? आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तो मुलीला द्या.

भाषेवर आम्ही साधा उपाय केला. गटात एक वही ठेवली. अवघड शब्द आला की तो लिहायचा, शेजारी बाजारात म्हणतात तो शब्द, त्याच्या शेजारी आपल्या बोलीतला शब्द किंवा बोलीतले एक वाक्य. 'रोध' म्हणजे काय? नळीत खडे अडकले की पाणी कमी येते, तसे. ही उपमा एका मुलाने दिली, आणि पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ती सगळ्यांच्या लक्षात राहिली.

थोडे व्यक्तिगत कौशल्यांविषयी. आत्मविश्वास वाढवण्याची पुस्तके मोफत मिळतात आणि ढिगाने मिळतात. त्यातली बरीचशी 'मोठी स्वप्ने बघा' एवढेच सांगतात. आपल्या मुलांना स्वप्ने कमी नाहीत. त्यांना लागते ते साधे: अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत डोळ्याला डोळा देऊन कसे बोलायचे, हजेरी आणि पगाराचा हिशेब कसा ठेवायचा, ठेकेदाराने पैसे अडवले तर कोणाकडे जायचे. आयटीआयमध्ये 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' नावाचा विषयच आहे आणि त्याची पुस्तकेही भारत स्किल्सवर आहेत. ती वाचा. पण ही कौशल्ये वाचून येत नाहीत, बोलून येतात. गटात रोज वेगळ्याने मोठ्याने वाचायचे, याचा खरा फायदा इथे झाला. पहिल्या दिवशी भिंतीकडे बघून वाचणारी मुलगी परवा ग्रामसभेत पाण्याच्या टाकीविषयी उभी राहून बोलली.

शेवटचे सांगतो. इथून जवळच असोद्याच्या बहिणाबाई. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात गाणी सुचत आणि ऐकणारे ऐकत. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ती उतरवून ठेवली, आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ती गाणी कोणी लिहून घेतली नसती तर? आपल्या पाड्यांवर बांबू कधी तोडला की त्याला कीड लागत नाही हे जाणणारे म्हातारे आहेत. कोणते कंद किती वेळा उकळायचे हे जाणणाऱ्या आज्या आहेत. त्यांचे पुस्तक कोणी लिहिलेले नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' नावाचे खुले व्यासपीठ सुरू केले. तिथे शेकडो भाषांतल्या गोष्टी मोफत वाचता येतात आणि स्वतःच्या भाषेत भाषांतर करून घालताही येतात. म्हणजे आपण नुसते फुकट घेणारे राहायचे कारण नाही. आपणही देऊ शकतो. ती शब्दांची वही आणि आज्यांच्या गोष्टी मिळून पावरीतले आपले पहिले छोटे पुस्तक व्हावे, अशी माझी इच्छा आहे. ते काम या उन्हाळी सुट्टीत वसतिगृहातल्या मोठ्या मुलांनी हातात घ्यावे.

जाताना तीन गोष्टी घेऊन जा. विद्यार्थ्यांनो, आज इथून निघण्यापूर्वी फोनमध्ये एकच पुस्तक घ्या. मागच्या टेबलावर आमचे दोन कार्यकर्ते ते ब्लूटूथने देतील. पालकांनो, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलांना, आणि मुलींना, वाचायला बसू द्या. तुम्हाला वाचता येत नसले तरी शेजारी बसा आणि विचारा, "आज काय वाचलंस? मला सांग." आणि कार्यकर्त्यांनो, किती पुस्तके वाटली हे पुढच्या अहवालात लिहू नका. किती पाने हाताने करून झाली, ते लिहा. मीही तेच लिहीन.

देव आपल्या घरांना आणि आपल्या मुलांच्या हातांना आशीर्वाद देवो.